सोफ्यापासून साडेनऊ फूट

सातारा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदू,

परवा तुझा फोन आला तेव्हा खुर्चीत सहावीतला एक पोरगा होता. आयुष्यातला पहिला चष्मा, आणि शेजारी त्याच्यापेक्षा रडवेली झालेली त्याची आई. म्हणून घाईत ठेवला, राग मानू नकोस. रात्री तू पाठवलेले नव्या टीव्हीचे सगळे फोटो पाहिले. पासष्ट इंच, ८के, किंमत बघून मी चष्मा पुसून परत बघितली. चिरंजीव टोरांटोहून म्हणतात, 'बाबा, एकदाच घ्या, चांगलं घ्या.' वहिनी म्हणतात, आहे त्याला काय धाड भरलीय. आणि घेऊ की नको हे तू मला विचारतोस, कारण मी चष्म्याच्या दुकानातला, 'डोळ्यांतला माणूस'.

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. आज दुकान बंद आहे, म्हणून सरळ कागद ओढला. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी उत्तर सांगून टाकतो. ४के, ८के म्हणजे पडद्यावरचं चित्र किती बारीक ठिपक्यांचं, एवढंच. ८के अजिबात नको. ४के घे, पण ते ४के आहे म्हणून नको घेऊस. या आकारात आता त्याच्याखालचं काही मिळतच नाही, म्हणून ते आपोआप येईल. पैसे मोजायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

माझ्या दुकानातल्या त्या खुर्चीत तू इतक्या वेळा बसलास, पण तक्ता तुझ्या डोक्यामागे आणि समोर आरसा असं का, हे कधी विचारलं नाहीस. तक्ता सहा मीटरवर लागतो आणि दुकान आहे अकरा फूट. आरशात अंतर दुप्पट होतं, एवढीच युक्ती. सहा मीटरवरून जी ओळ वाचता आली की आम्ही ६/६ लिहितो, तिच्यातलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. त्या इंग्रजी 'ई'चे तीन दांडे आणि मधल्या दोन फटी, असे पाच भाग. यातला एक भाग डोळ्याशी जो कोन करतो तो अंशाचा साठावा हिस्सा. पंचांगात अंश, कला, विकला असतात ना, त्यातली ही एक कला. हेर्मान स्नेलेन नावाच्या डच डॉक्टराने १८६२ साली हा तक्ता बसवला आणि जग अजून त्यावरच नंबर काढतंय.

आता हाच तक्ता तुझ्या हॉलमध्ये टांगू. सोफ्यापासून भिंत साडेनऊ फूट, असं तू म्हणालास. पासष्ट इंची पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद. त्यावर फुल एचडीचे आडवे १९२० ठिपके, ४केचे ३८४०, ८केचे ७६८०. एकूण मोजशील तर वीस लाख, त्र्याऐंशी लाख आणि तीन कोटी एकतीस लाख. आकडे ऐकून छाती दडपते, जाहिरातीचा धंदा त्यावरच आहे. पण डोळा एकूण मोजत नाही, तो एका अंशात किती मावले ते बघतो. तुझ्या सोफ्यावरून एका अंशात फुल एचडीचे साधारण ६७ ठिपके येतात, ४केचे १३५ आणि ८केचे २७०. ६/६वाल्या डोळ्याला साठ पुरतात. म्हणजे स्नेलेनच्या हिशोबाने फुल एचडीतच तुझं काम भागलं!

इथेच थांबलो असतो, पण गेल्या महिन्यात केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांचा एक अभ्यास आला. पडदा पुढे-मागे सरकवून त्यांनी माणसांना प्रत्यक्ष विचारलं, रेघा दिसतात की नुसता करडा रंग. काळ्या-पांढऱ्यात हद्द साठ नाही, सरासरी ९४ निघाली. पिवळ्या-जांभळ्यात मात्र फक्त ५३. मला यात आश्चर्य नाही वाटलं. ६/६च्या खालची ओळ घडाघडा वाचणारी कॉलेजची पोरं रोज येतात, आपणच 'पुरे' म्हणून थांबतो. तर या नव्या मापाने ६७ थोडे कमी पडतात आणि १३५ भरपूर होतात. म्हणून तुझ्या हॉलमध्ये ४केचा फायदा थोडासा आहे, खोटं कशाला बोलू. ८केचा फायदा दिसायला सोफा साडेसहा फुटांच्या आत ओढायला लागेल, म्हणजे टीपॉय गॅलरीत आणि आलेला पाहुणा जिन्यात.

आणि हे झालं धडधाकट डोळ्याचं. तुझा उजवा डोळा चष्म्यासकट ६/९ आहे, माझ्या वहीत लिहिलेलं आहे. त्याला चाळीसच पुरतात. डावा ६/६ आहे म्हणून तुझी गाडी चालते. चिरंजीव तिशीतले, त्यांचं त्यांना दिसत असेल. त्यांनी टोरांटोत घ्यावा.

पण ठिपके दिसतील की नाही हे पुढचं, मुळात त्यांत भरायचं काय? जपानमध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ला ८केची खास वाहिनी काढली. आपल्याकडे तसलं काही नाही. यूट्यूबवर वाळवंटं, धबधबे आणि पोपट आहेत, ते दोन दिवस बघशील. बाकी सगळं टीव्हीच आपल्या अंदाजाने फुगवून दाखवणार. सोनीसारख्या कंपनीने ८केचे टीव्ही बंद केले, यावरून काय ते समज. ४केचंही फार वेगळं नाही. टाटा स्कायने २०१५च्या जानेवारीत ४केचा सेट-टॉप बॉक्स आणला, त्या विश्वचषकातले काही सामने तसे दाखवले, खूप गाजावाजा झाला. दहा वर्षं झाली, तुमच्याकडे रोज रात्री ज्या मराठी मालिका लागतात त्या अजून फार तर एचडी आहेत, आणि काकांनी घेतलेला पॅक साधा असेल तर तेही नाही. नेटफ्लिक्सवर ४के मिळतं, पण सर्वांत महागडा, महिना ६४९ रुपयांचा प्लॅन घेतला तर, आणि ते स्वतःच १५ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग मागतात. ४केची ब्लू-रे डिस्क सेकंदाला शंभर मेगाबिटच्याही वर जाऊ शकते. दोन्हींच्या खोक्यावर ४केच लिहिलेलं. एक दूध, एक दुधाचं पाणी. क्रिकेट बघताना चेंडूमागे कॅमेरा सीमारेषेकडे धावतो तेव्हा गवताकडे बघ. क्षणभर पाती जातात आणि नुसता हिरवा ऑइलपेंट उरतो. कॅमेरा थांबला की पाती परत उगवतात. तो दोष तुझ्या टीव्हीचा नाही, ठिपके चौपट करून तो जाणारही नाही. वाटेत डेटा दाबून बसवलेला असतो, जत्रेच्या एस्टीत माणसं बसवतात तसा.

आता माझी फजिती सांगतो. वहिनींना वाचून दाखव, त्यांना आवडेल.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याला मी ५५ इंची ४के घेतला. माणूस आला, भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला, चहा पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "जुन्यावर मालिकेतल्या तिच्या नथीतले मोती मोजता यायचे. यात नुसती नथ आहे एवढं कळतं." मी म्हटलं, मोठा पडदा आहे, सवय होईल. आठवड्याने परत तेच. मग माझ्यातला चष्मेवाला जागा झाला. तिचा नंबर तपासला, ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालेली, म्हणून वाटलं आतल्या भिंगामागे परत पडदा धरला असेल, तसं होतं कधी कधी. बाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे! बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दोन तास बसवलं, आणि ते म्हणाले, डोळे उत्तम, घरी न्या. येताना रिक्षात आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

असे आठ महिने. मे महिन्यात भाचा आला, टीव्हीच्या मागे मान घालून बघितलं आणि हसत सुटला. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला कशाने जोडला होता, तर पिवळी, लाल, पांढरी अशा त्या जुन्या तीन वायरींनी. त्या पिवळ्या वायरीतून ५७६ ओळींपलीकडे काही जातच नाही, मागे बॉक्स एचडी असो की आणखी काही असो. मी ४केचे पैसे मोजून दूरदर्शनच्या जमान्यातलं चित्र पंचावन्न इंचांवर ताणून बघत होतो. अडीचशे रुपयांची एचडीएमआय वायर आणली. त्या रात्री आई टीव्हीजवळ गेली, बोट लावून मोजलं आणि म्हणाली, "सात आहेत." बास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तर पैसे कशासाठी मोजायचे? उजेड आणि अंधारासाठी. चांगल्या टीव्हीवर तुला जो फरक जाणवतो तो बहुधा ठिपक्यांचा नसतोच, काळा किती काळा आणि लखलखीत किती लखलखीत याचा असतो. अंधाऱ्या देव्हाऱ्यातली एक समई. स्वस्त पडद्यावर मागचा अंधार राखेसारखा होतो आणि ज्योत म्हणजे पिवळा डाग. चांगल्यावर अंधार खोल राहतो आणि ज्योतीचा गाभा वेगळा, कडा वेगळी दिसते. याला एचडीआर म्हणतात. पण खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असणं आणि पडद्याला ते झेपणं यात फार अंतर आहे. असे सिनेमे बहुधा १००० निट (हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून तयार करतात आणि स्वस्त पडदे अडीचशे-तीनशेला धापा टाकतात. तुला तुमच्या वाड्यातल्या ब्लॅक अँड व्हाइटवरची ती प्लास्टिकची काच आठवते? वर निळी, मध्ये पिवळट, खाली हिरवी? 'कलर टीव्ही' बघायला आळी लोटायची आणि बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, हनुवटी हिरवी. स्वस्त टीव्हीवरचा एचडीआरचा स्टिकर मला तिचाच नातू वाटतो.

दुसरं, तुमच्याकडे टीव्हीसमोर सरळ बसणारा तू एकटा. काका कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत, वहिनी भाजी निवडत स्वयंपाकघराच्या दारात. एलसीडीत व्हीए जातीचे पडदे काळा छान दाखवतात, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएस बाजूने बरे, पण त्यांचा काळा करडा. ओलेडला, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि विझतो त्याला, दोन्ही जमतं, मात्र तुमची गॅलरी पश्चिमेला आणि चार वाजता सगळा हॉल उन्हात, त्यात काळ्या पडद्यावर तुलाच तू दिसशील. म्हणून ओलेड घेतलास तर गॅलरीच्या दाराला जाड कापडी पडदे लाव. नाहीतर मागचे दिवे भागाभागाने मंद होणारा भरपूर उजेडाचा एलईडी घे, आणि दुकानात गेल्यावर शहाण्यासारखा समोर उभा राहू नकोस. काकांच्या खुर्चीच्या कोनात जाऊन उभा राहा. सेल्समन हसेल, हसू दे. त्याला पोपट बंद करून साधी मालिका लावायला सांग, आणि चित्राचा भडक मोड काढून सिनेमाचा लावायला सांग. २२ सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झालाय, ती काही उद्या संपणारी ऑफर नाही. त्यामुळे 'आजच बुक करा'ला भुलू नकोस.

आवाजाचं फार लिहीत नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बोलतात. काकांना ऐकू कमी येतं. ८केतून वाचलेल्या पैशांत बरा साउंडबार येऊन वर उरतील.

आणि तुझा प्रोग्रेसिव्ह चष्मा! तू लोडावर मान मागे टेकवून, हनुवटी वर करून टीव्ही बघतोस, मी पाहिलंय. त्या पोजमध्ये तू काचेच्या खालच्या भागातून, म्हणजे वाचायच्या नंबरातून बघत असतोस. तिथून सोळा-केसुद्धा धूसरच दिसेल. एकतर सरळ बस, नाहीतर फक्त लांबचा नंबर असलेला एक साधा चष्मा टीव्हीसाठी करून घे. यात माझा धंदा आहे हे कबूल, पण फ्रेम तुझी जुनीच चालेल.

एवढं वाचूनही पासष्टच घ्यायचा असेल तर खुशाल घे. मोठ्या पडद्याची मजा खरी आहे, ती मी नाकारत नाही. नुसता आकडा विकत आणू नकोस. डिसेंबरात तुमच्याकडे येणारच आहे, टेप घेऊन येतो.

काकांना नमस्कार, वहिनींना सांग की आई त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण काढते.

तुझा,
पक्या

ता. क. आत्ता घरी आहे त्या टीव्हीच्या मागे एकदा मान घालून बघ. पिवळी वायर दिसली तर आधी मला फोन कर, दुकानात नको.