कोयता निघाला की गोळ्या का बंद होतात

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर फारच वैतागला होतास. "आई, हे लोक गोळ्या अर्ध्यात सोडतात, दुखणं हाताबाहेर गेल्यावर येतात आणि वर आमच्यावरच ओरडतात." इंटर्नशिपला रात्र-रात्र जागून माणूस असं बोलणारच. पण हे लोक म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, ऊसतोडीला जाणारे, आणि त्यांच्या वर्षाचा हिशेब मला तुझ्यापेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो गं, हो गं" करून विषय संपवतोस.

दसरा झाला की माझ्या वर्गातली हजेरी विरळ व्हायला लागते. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याआधीच घेतलेली असते. कुणाकडं लेकीचं लग्न, कुणाचं बोअर कोरडं गेलेलं, कुणाचा दवाखाना. ही उचल फेडायची तोडलेल्या उसाच्या टनावर. २०२४ च्या सुरुवातीला करार झाला तेव्हा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. नवराबायकोनं, म्हणजे एका कोयत्यानं, पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन तोडला तर किती होतात ते तूच बघ. तेही हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. त्यात खाडा. एक दिवस कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, पडून राहिलं की मजुरी बुडाली आणि वर दंड. एका पोराच्या आईला दिवसाचे पाचशे लावले होते. आता तिला ताप आलाय आणि दवाखाना लांब आहे, तर ती काय करेल? मेडिकलमधून दोन गोळ्या आणेल आणि उसाची मोळी उचलेल. रात्री गाडी आली तर भरायलाही जाईल.

मागच्या वर्षी मी शिक्षण हमी कार्ड (पोराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतो ते) द्यायला एका घरी गेले, तेव्हा दारात ट्रॅक्टर भरणं चालू होतं. ज्वारीचं पोतं, ताडपत्री, पत्र्याची पेटी, डालग्यात कोंबड्या. म्हातारी ओट्यावर बसून कुणाला काय राहिलं ते ओरडून सांगत होती. पोराची आई पेटीत लुगड्यांखाली बीपीच्या गोळ्या ठेवत होती. पाकिटं मोजली, परत मोजली, आणि मला म्हणाली, "मॅडम, ह्या सरल्यावर तिकडं कुणाला मागायच्या?" केसपेपर बघितला तर त्यावर लिहिलेलं, १५ दिवसांनी दाखवणे. पंधरा दिवसांनी ती सांगली-कोल्हापूरकडं कुठल्या तरी उसाच्या फडात असणार. लिहिणाऱ्यानं विचारलंच नसावं. त्याच्या लेखी उद्या तिनं "गोळ्या सोडल्या".

गर्भपिशवी काढलेल्या बायांचंही तसंच. आपल्या बीड जिल्ह्यावर सगळीकडून ओरड झाली तेव्हा २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. बातम्या वाचून शहरातली माणसं "अडाणी" म्हणून मोकळी झाली. मला ते पटत नाही. फडात संडास नाही, पाण्याची बोंब, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, अंगावर पांढरं जातंय, खाड्याची धास्ती, आणि डॉक्टरच म्हणतो पुढं कॅन्सर होईल. त्या जागी पिशवी काढून टाकणं हा तिला हिशेबात बसणारा मार्ग दिसला. हिशेब चुकीचा होता, पण त्यातले आकडे तिनं एकटीनं नव्हते मांडले.

मी स्वतः महिन्याला पगार घेणारी बाई. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना काय होतं ते मला कळतं असं म्हणाले तर ती थाप होईल. विचारता मात्र येतं. नुसती हळहळ करू नकोस, त्यानं त्यांचा टाइम जातो आणि तुझाही.

आणि समोर आलेली प्रत्येक लुगड्यातली बाई ऊसतोडीचीच असं धरूनही चालू नकोस. आपली आजीच घे. तुला ती हट्टी वाटते, थंडीतही दाराशीच अंथरूण टाकते म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, तेव्हा तिची धाकटी बहीण किल्लारीच्या बाजूला माळवदाच्या घरात झोपलेली होती. ती माती-दगडातून निघाली नाही. आजी हे आपणहून सांगत नाही.

तर आता कामाचं. हिस्ट्री घेताना तीन गोष्टी विचार: कधी निघणार, कुठल्या कारखान्यावर जाणार, परत कधी येणार. केसपेपरवर लिहून ठेव. ज्या ऑपरेशनची घाई नाही त्याची तारीख दिवाळीनंतरची देऊ नकोस, गुढीपाडव्यानंतरची दे, तोवर बहुतेक जण घरी आलेले असतात. टीबीचा पेशंट असेल तर निक्षयवरची (टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली) नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडं पाठवता येते हे तूच मला सांगितलं होतंस, मग निघायच्या आधी पाठव. बीपी-शुगरच्या गोळ्या जास्त दिवसांच्या देता येतील का ते तुझ्या सरांना विचार. ते काय म्हणतात ते मला कळव, आईबाप तोडीला गेल्यावर पोरं राहतात त्या आमच्या हंगामी वसतिगृहातल्या पोरांच्या आज्या मला हेच विचारतात.

बाबांची तब्येत बरी आहे. पगार झाला की तुझ्याकडं चक्कर मारते, शेंगदाण्याची चटणी घेऊन येते. मेसचं तेलकट खाऊ नकोस.

तुझी,
आई