एकट्याचा बार

गड्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आधी हसलो मग इचार करत बसलो. इंग्लंडातल्या केंटमधल्या हर्न गावात २००५ ला एका छोट्या दुकानात पब निघाला, ना गाणी ना किचन, बिअर मालकच ओतणार, आणि ते ऐकून तू म्हणतोस नोकरी सोडतो, तसलंच एकट्यानं उदगीरला टाकू. लेका, माझा वेटर दिवाळीला गावाकडं गेला तो आलाच नाही, तेव्हापासून परमिट रूम मी एकटाच रेटतोय, म्हणून सांगतो.

इथं परमिट रूमच्या लायसनला सोबत खाण्याचं हॉटेल लागतंच, म्हणजे गॅस आलाच. परवा बुर्जी तव्यावर आणि कोपऱ्यातनं आवाज, "मालक, नाइन्टी!" पेग मोजून येईपर्यंत बुर्जीचा कोळसा. त्या दिवशी मेनूच छाटला. शेंगदाणे, उकडलेली अंडी, मसाला पापड, बास. आठ टेबलांची पाच केली. गल्ला थोडा उतरला पण नासाडी थांबली, हातात तेवढंच राहतं.

७५० मिलीच्या बाटलीत साठ मिलीचे साडेबारा पेग, मी बाराच धरतो, अर्धा सांडतो नाहीतर ओळखीच्याला जास्त पडतो. २०२३ ला परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५ ला दारूवरची एक्साईज ड्युटी वाढली, गिऱ्हाईक म्हणलं वाईन शॉपातनं घेतो आन् शेतात बसतो. बसले की! पगार द्यायचा नव्हता म्हणून मी तरलो. लायसनचं वर्ष एप्रिल ते मार्च, फी एकदम भरायची, त्यासाठी रोज थोडे एका डब्यात टाकतो, डब्याची चावी बायकोकडं.

खरा घोळ उधारीचा. वेटर होता तेव्हा तो म्हणायचा, मालकाला इचारा. आता मालकच समोर उभा आणि मागणारा शाळेतला बेंचवरचा, नाही कसं म्हणू सांग. लघवीला जायचं तरी गल्ल्याला कुलूप लावून जातो. रात्री सगळे गेले की स्टॉकचं रजिस्टर, डोळे मिटत असतात. आषाढी एकादशीला लोक पंढरपूरला जातात, मी ड्राय डे म्हणून दिवसभर झोपतो.

पैसे गुंतवायचं नंतर बघू. आधी आठ दिवस रजा टाकून ये आणि काउंटरला उभा राहा, शनिवारी मला पोरीच्या गॅदरिंगला जायचंय. तुझ्या नावाचा नोकरनामा, म्हणजे बारात काम करायचा सरकारी कागद, काढावा लागंल, फोटो आणि आधार घेऊन ये.

तुझाच