प्रशिक्षणार्थींवर शिक्के नकोत, त्यांना वाव हवा

महोदय,

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यक्त केली आहे. तास मोजणे सोपे असते. ते सत्कारणी कसे लावायचे, याचा विचार मात्र तालुका पातळीवरच्या प्रशिक्षणांत अभावानेच दिसतो. काही सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारे मार्गदर्शक, सुरुवातीलाच प्रश्नावली भरून घेऊन कोणाला पाहून, कोणाला ऐकून, तर कोणाला करून शिकायला आवडते यावरून शिक्षकांची ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिप्रधान’ अशी वर्गवारी करतात. हेतू चांगला असला, तरी तिला भक्कम आधार नाही. आपल्या आवडीच्या शैलीतून शिकवल्यास माणूस अधिक शिकतो का, याविषयीचे संशोधन हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासले, तेव्हा तसे मानण्याजोगा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

पद्धत ठरवावी ती आशयावरून. भागाकार शिकवण्याच्या सत्रात दशकाचा गठ्ठा सोडून काड्या सुट्या करणे प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने करायला हवे, मग प्रश्नावलीने त्याला ‘श्राव्य’ ठरवलेले असो. आणि कवितेची चाल कानांनीच शिकावी लागते, पीपीटीवरची रंगीत अक्षरे तिथे कामाची नाहीत.

स्वभावांतला फरक मात्र खरा आहे आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. गटचर्चा सुरू झाली, की मार्कर ठरावीक दोघांच्या हाती जातो, सादरीकरणही तेच करतात आणि द्विशिक्षकी शाळेत वर्षानुवर्षे दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या एखाद्या बाई ‘सर म्हणतात ते बरोबर आहे’ एवढे बोलून गप्प बसतात, वास्तविक त्यांच्या वहीत चर्चेला पुरून उरेल इतके असते. चर्चेपूर्वी पाच मिनिटे प्रत्येकाने एकट्याने लिहावे, मग शेजारच्याशी बोलावे आणि त्यानंतरच गट करावेत, एवढ्या बदलानेही अबोल माणसाचे म्हणणे पुढे येऊ शकते. वाचन साहित्य आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवले, तर सावकाश विचार करणाऱ्यांची सोय होते आणि खर्चही काही नाही. (पन्नाशीच्या शिक्षकांना टाळ्यांचे खेळ सक्तीने खेळायला लावणे तर आता थांबवावेच.)

अभिप्राय पत्रकात चहा, भोजन आणि बैठक व्यवस्था यांच्या जोडीला ‘आज आपल्याला मत मांडायला मिळाले का?’ हा प्रश्न जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी घालावा आणि शिकलेले वर्गात कितपत वापरले, याची विचारपूस पुढच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत करावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा