तालमीला एक खोली द्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सा. न. वि. वि.

मी नागपूरची, अकरावीत शिकते. संध्याकाळी नृत्य आणि नाटकाच्या शाळेत जाते. शाळा म्हणजे एका जुन्या इमारतीतला दुसरा मजला. तेरा ते सतरा वयाचे आम्ही अठरा जण.

कथकला एकेका पायात शंभर घुंगरं असतात. तत्कार, म्हणजे पायांनी ताल धरणं, सुरू झाला की खालचे काका काठीने छत ठोकतात. त्यांचंही चूक नाही, घरात आजारी आई आहे. मग घुंगरं उतरवायची आणि नुसती पढंत करायची, हातावर ताल, तोंडाने बोल. गेल्या परीक्षेत परीक्षकांनी मला विचारलं, पाय इतके दबकत का टाकतेस? काय सांगणार!

नाटकवाले बागेत जातात. आवाज जरा चढला की चौकीदाराची शिट्टी, "काऊन बे पोट्टेहो, घरी जा न!" उरली गच्ची. मे महिन्यात संध्याकाळी सातलाही तिथे अनवाणी उभं राहवत नाही.

आमच्यातला एक जण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाकडचा. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की तो झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना पळतो. (कॉलेजातली हजेरी बुडते ती वेगळीच.) तिकडे धान कापलेल्या बांधीत मंच उभा राहतो, रात्रभर नाटक चालतं. तो विचारतो, एवढ्या मोठ्या शहरात अठरा पोरांना जागा नाही?

सभागृहं आहेत. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, 2017 साली राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेलं. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे. पण ती प्रयोगाच्या दिवसासाठी. तो दिवस वर्षातून एकदा येतो, तालीम रोज असते. दहावीला शास्त्रीय नृत्य, लोककला, नाट्य यांचे वाढीव गुण सरकारच देतं. ते गुण मिळवायला पाय कुठे आपटायचे, एवढंच विचारते.

महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. काही मराठी शाळा तर पटसंख्येअभावी कायमच्या बंद झाल्या. महापालिकेचे झोन दहा. प्रत्येक झोनमध्ये तळमजल्यावरची एक खोली, संध्याकाळी सहा ते नऊ, एवढंच मागणं आहे. दिवा, पंखा आणि सपाट फरशी पुरे. आरसे आम्ही वर्गणीतून लावू. किल्ली कोणाकडे आणि वीजबिल कोणाचं, यावर घोडं अडणार हे ठाऊक आहे. बाबा म्हणाले, शाळा मंत्र्यांच्या खात्याच्या नाहीत, महापालिकेच्या आहेत. पण तुमचं पत्र गेलं तर आयुक्त वाचतील, आमचं कोण वाचणार?

डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपुरात याल, तेव्हा एका संध्याकाळी आमच्याकडे या. जिना अरुंद आहे. चपला खालीच काढा, आणि साडेसातच्या आत या, कारण त्यानंतर आम्ही घुंगरं बांधत नाही.

आपली,
अकरावीतली एक कथक विद्यार्थिनी, नागपूर