ज्याला वेळ लागतो, ते आधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कमी कार्बनच्या अर्थव्यवस्थेबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक उद्दिष्टांच्या भाषेत. देशाचे २०७० चे नक्त शून्य (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेणे), २०३० पर्यंतची बिगर-जीवाश्म विजेची ५०० गिगावॉट क्षमता. उद्दिष्टे हवीतच. पण खर्च किती येणार हे ठरते कामांच्या क्रमावरून, आणि महाराष्ट्रात त्या क्रमाची चर्चा जवळपास होतच नाही.

नेहमीची पद्धत अशी, की एक टन कार्बन डायऑक्साइड टाळायला कोणत्या उपायाला किती रुपये पडतात ते काढायचे आणि स्वस्त ते आधी, महाग ते नंतर अशी ओळ लावायची. या हिशेबात वेळ धरलेला नसतो. घरातला ७५ वॉटचा पंखा काढून २८-३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावायला अर्धा तास पुरतो. सह्याद्रीत बोगदे खणून उदंचन जलविद्युत प्रकल्प (जास्तीच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारा) उभा करायला परवानग्यांसह सहा-सात वर्षे सहज जातात. मेथीचा वाफा निघाल्यावर आंब्याचे कलम लावू, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. दोन्ही एकाच पावसात लावतो, कारण आंब्याला वर्षे लागणार हे त्याला ठाऊक असते. राज्याच्या ऊर्जा नियोजनात नेमके हेच सुटते.

सुरुवात कृषिपंपांपासून करू, कारण राज्यात असे पंप ४५ लाखांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या लाखोंना मीटरच नाही. शेतीची वीज दिवसा आणि सौर, या दिशेने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, राळेगण सिद्धीत तिचे पहिले पाऊल पडले आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प, २५ वर्षांचा करार, तीन रुपयांच्या आसपास युनिट, खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ही योजना मला मनापासून पटते. रात्री दोन वाजता बांधावर बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगली योजना दुसरी नाही. म्हणूनच ती कुठे फसू शकते, ते नीट पाहायला हवे.

एक एकराला ५ सेंटिमीटरचे पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. विहिरीची खोली, पाइपातला घर्षणाचा तोटा असे सगळे धरून ३० मीटर उचल असेल, तर हे पाणी चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने साडेसोळा युनिट लागतात. पंपसंचाची कार्यक्षमता ३० टक्के असेल तर मीटरवर ५५ युनिट पडतात, ५० टक्के असेल तर ३३. शेतात ३० टक्क्यांच्या आसपास चालणारे संच सर्रास आढळतात. कारणेही माहीत आहेत. मोटर दोन-तीनदा रिवाइंड केलेली असते आणि दर वेळी तारेची जाडी थोडी कमी झालेली असते. फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप) अरुंद असतो. विहिरीपासून डीपीपर्यंतची (शेतातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरपर्यंतची) केबल बारीक असते. पाणी खाली गेले म्हणून पंप मोठा घेतलेला असतो, पण तो आपल्या योग्य दाबाच्या बिंदूपासून लांब चालतो. त्यात व्होल्टेज कमी मिळाले की मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि पुन्हा रिवाइंडिंगला जाते.

आता क्रम पाहा. उपकेंद्रावरच्या पंपांना आज ५ मेगावॉट लागतात म्हणून आपण ५ मेगावॉटचा प्रकल्प २५ वर्षांसाठी बांधून घेतो. त्याला वीस-पंचवीस एकर जमीन जाते. पुढे कधीतरी पंप सुधारले, तर तेच पाणी ३ मेगावॉटमध्ये निघेल आणि उरलेली २ मेगावॉट वीज भर दुपारी, जेव्हा राज्यभर सौर वीज भरपूर असते, तेव्हा ग्रीडवर जाईल. त्या वेळच्या विजेला फारसे मोल नसते. म्हणून प्रकल्पाची निविदा निघण्याआधी त्या वाहिनीवर तीन कामे झाली पाहिजेत. प्रत्येक डीपीला मीटर. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआर आणि साडेसातच्या मोटरला ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर, म्हणजे मोटर लाइनमधून ओढते तो अनावश्यक प्रवाह कमी करणारे उपकरण. आणि ऑटोस्विच काढून त्याजागी काही मिनिटांच्या वेगवेगळ्या विलंबाने सुरू होणारे स्टार्टर. ऑटोस्विचमुळे वीज येताक्षणी सगळे पंप एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते आणि डीपी जळते. ६३ केव्हीएची डीपी ५ एचपीचे अकरा-बारा पंप पेलते. कपॅसिटर लावले की आणखी एक-दोन. आकडे टाकून पंधरा-सोळा लावले, की ती टिकत नाही.

पंप सुधारला आणि वीज फुकटच राहिली, तर पाणी मात्र जास्त उपसले जाईल, हा धोका खरा आहे. साडेसात एचपीपर्यंत सध्या बिल माफ आहे, म्हणजे उपसा आवरायला काही कारणच उरत नाही. त्याला पंजाबात २०१८ पासून एक उत्तर आजमावले गेले: शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा द्यायचा आणि न वापरलेल्या प्रत्येक युनिटला ४ रुपये त्याच्या खात्यात जमा करायचे. सवलत काढून घेण्यापेक्षा हे राजकीयदृष्ट्याही झेपणारे आहे. मात्र मीटरशिवाय ते होत नाही, म्हणून मीटरचे काम सगळ्यांत आधी.

दुसरी फसगत उपकेंद्रात होते. जुलै ते सप्टेंबर पंप बंद असतात आणि प्रकल्पाची सगळी वीज उलट दिशेने ३३ केव्हीकडे चढते. ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमागे पूर्ण ५ मेगावॉट लावले असतील, तर तो काठोकाठ भरतो. संरक्षणाचे रिले (बिघाड ओळखून वीज तोडणारी उपकरणे) एकाच दिशेचा प्रवाह धरून बसवलेले असतात, ते बदलावे लागतात. शिवाय ३३ केव्हीची येणारी लाइन गेली की सारे इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद पडतात, ते तसेच बनवलेले असतात, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. ५ मेगावॉटच्या प्रकल्पाचा एप्रिलमधल्या दुपारचा एक तास म्हणजे सुमारे ४,००० युनिट. म्हणून लाइनवर झुकलेल्या फांद्या, तडकलेले चिनीमातीचे इन्सुलेटर आणि सैल जंपर यांच्यावरचा खर्च पॅनेलच्या आधी यायला हवा. अंदाजपत्रकात तो सहसा शेवटच्या पानावर असतो.

स्वतंत्र सौर पंपाबद्दल थोडक्यात. ५ एचपीच्या पंपाला साधारण ५ किलोवॉटची पॅनेल लागतात आणि ती वर्षाला सात-साडेसात हजार युनिट देऊ शकतात, पण पंप हंगामातच चालतो आणि बाकीची वीज वाया जाते. जिथे लाइन न्यायला बरेच खांब उभारावे लागतील, तिथे तो योग्यच. ज्याच्या बांधावर आधीच डीपी आहे, त्याला तो देणे म्हणजे तोच पैसा निम्म्या उपयोगाला लावणे.

खरा कस संध्याकाळी लागतो. सूर्य मावळतो आणि सहा ते दहा घराघरांत मागणी चढते. इथे तहान लागल्यावर विहीर खणून चालणार नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून राज्यात आहे, म्हणजे हे तंत्र आपल्याला नवे नाही. ४०० मीटर उतार मिळाला, तर १,००० मेगावॉट सहा तास चालवायला सुमारे ०.२२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागते, आणि तेच पाणी दुपारच्या सौर विजेने पुन्हा वर चढवता येते. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. बाष्पीभवनाची भर आणि पहिला भरणा सोडला, तर पाणी खर्च होत नाही. खर्च होतो तो जंगलाचा आणि वर्षांचा. म्हणून पश्चिम घाटातल्या जागा आज निवडाव्या लागतील, त्याही जिथे धरण आधीच आहे आणि दुसरा तलाव लहान पुरेल अशा. तोवर दोन तासांची भूक बॅटऱ्यांनी भागवावी. त्या वर्ष-दीड वर्षात उभ्या राहतात आणि बारा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणजे उदंचन तयार होईपर्यंतचा काळ त्या नेमका भरून काढतात.

एक काम तर बिनखर्चाचे आहे. कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधले आहे. त्यातला थेंबही दुपारी टर्बाइनवर जाता कामा नये. चौथ्या टप्प्याचे १,००० मेगावॉट काही मिनिटांत उठतात. ते संध्याकाळसाठी राखावेत आणि त्याप्रमाणे वर्षभराचे पाण्याचे वेळापत्रक आधीच जाहीर व्हावे.

कोळशाबद्दल बोलताना लोक ‘बंद करा’ आणि ‘बंद करू नका’ या दोनच टोकांवर उभे राहतात. हिशेब वेगळा आहे. बऱ्याच जुन्या संचांची किंमत चुकती झालेली असते. नव्या संचाचा करार मात्र २५ वर्षे स्थिर आकार (ठरावीक रक्कम) लावतो, वीज घ्या किंवा घेऊ नका. आज केलेला करार २०५० नंतरही आपल्या बिलात दिसेल. म्हणून नवे करार टाळून जुने संच मागणीप्रमाणे कमी-जास्त भारावर वापरणे स्वस्त पडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाचे संच ५५ टक्के भारावर आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर चालवता आले पाहिजेत. हे फुकट होत नाही. कमी भारावर प्रत्येक युनिटला जास्त कोळसा जळतो, ज्योत टिकवायला तेल लागते, आणि रोजच्या चढ-उताराने बॉयलरच्या नळ्या थकून फुटतात. नियंत्रण प्रणाली आणि बर्नर यांची सुधारणा करून घेतलेले थोडे संच या कामाला ठेवावेत. बाकीचे हंगामापुरते, उन्हाळ्यात. सगळ्यांनाच रोज वर-खाली करणे सर्वांत महाग.

उद्योगांत निर्णयाचा क्षण आणखी नेमका असतो. पोलादाच्या झोतभट्टीचे अस्तर पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागते. त्या वेळी नवे अस्तर घातले की पुढची पंधरा-वीस वर्षे कोकिंग कोळशाला बांधली. कोणत्या भट्टीचे अस्तर कोणत्या वर्षी बदलायला येणार, ही यादी राज्याकडे असायला हवी. युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार (पोलादासारखा आयात माल बनवताना सुटलेल्या कार्बनवरचा) अंगावर पडल्यावर ती करून उपयोग नाही.

आणि चंद्रपूर. तिथे २,९२० मेगावॉट आहेत, त्यांतले २१० मेगावॉटचे दोन संच जुने. जुने संच थांबतील तेव्हा बॉयलर भंगारात जाईल. पण वीज बाहेर नेणारे स्विचयार्ड, ४०० केव्हीच्या लाइन आणि जमीन राहील. नव्या सौर किंवा बॅटरी प्रकल्पाला ग्रीडची जोडणी मिळवायलाच सर्वाधिक वेळ जातो, आणि ती इथे आयती आहे. जनित्र टर्बाइनपासून सोडवून व्होल्टेज सांभाळायला फिरते ठेवता येते. औष्णिक केंद्राला पाण्याची मर्यादाच युनिटमागे साडेतीन लिटरची आहे, म्हणजे संच थांबला की इरई धरणाचे तेवढे पाणी शहराला आणि शेतीला मोकळे होईल. यातले काहीही संच बंद झाल्यावर ठरवता येत नाही. कोणता संच कोणत्या वर्षी थांबणार हे पाच वर्षे आधी लिहून दिले, तरच आज बॉयलरवर असलेल्या तिशीतल्या कंत्राटी कामगाराला बॅटरी केंद्राचे किंवा सौर उपकेंद्राचे प्रशिक्षण पगार चालू असताना देता येईल. आज त्याच्या हातात असा कोणताही कागद नाही.

वीज नियामक आयोगापुढे जाणाऱ्या प्रत्येक नियोजनात प्रत्येक कामापुढे दोन रकाने असावेत, एवढी विनंती आपल्या दैनिकातून करावीशी वाटते: ‘उपयोग कोणत्या वर्षी हवा’ आणि ‘त्यासाठी निर्णय कोणत्या वर्षी’. दुसऱ्या रकान्यात चालू वर्ष किंवा गेलेले वर्ष येईल, ती कामे यादीत वर घ्यावीत, मग त्यांचा दर टनाचा खर्च कितीही असो.

आपला,
वीजक्षेत्रातील एक वाचक