काकांचा यशिका आणि एकच फ्रेम

प्रिय पक्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस दलाई लामांचा फोटो आला का, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, कारण रोल धुवून आला नव्हता आणि समजा कोराच निघाला असता तर तुझ्या शिव्या लाइव्ह ऐकायच्या नव्हत्या. काल आला. आता सगळं लिहितो, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

प्रवास उरकून टाकतो. झेलमने पठाणकोट, तिथून बसने धरमशाला, मग शेअर टॅक्सीने वर मॅक्लिऑडगंज. कंबरेची वाट लागली, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तू म्हणाला होतास की दलाई लामांचा फोटो काढायचाय तर दाजींचा डीएसएलआर घेऊन जा, लांब लेन्स लाव, बाबांचं ते डबडं (म्हणजे काकांचा जुना फिल्मवाला यशिका) कशाला नेतोस. तर तुझा मुद्दा पहिल्याच दिवशी निकालात निघाला, कारण त्सुगलाखांगला म्हणजे त्यांच्या मुख्य देवळात टीचिंग, म्हणजे प्रवचन, असतं तेव्हा कॅमेरा, मोबाइल काहीच आत नेऊ देत नाहीत, डबडं असो नाहीतर लाखाचा. ओळखपत्र दाखवून पास काढायचा, झडती द्यायची, आणि सोबत न्यायचं काय तर बसायला आसन, चहाला कप आणि एफएम रेडिओ! दलाई लामा तिबेटीत बोलतात, भाषांतर एफएमवर चालू असतं. मी आपला आजोबा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे तसा रेडिओ कानाला लावून बसलेलो. मधेच पोरसवदा भिक्षू मोठाल्या किटल्या घेऊन अक्षरशः पळत येतात आणि लोण्याचा खारट चहा ओततात. दुसऱ्या कपाला आवडायला लागतो (खोटं बोललो, तिसऱ्या).

पण कॅमेरा नसल्यामुळे दोन दिवस नुसतं बघणं झालं ते बरंच झालं. 1935 चा जन्म, दोन्ही बाजूंनी धरून आणतात त्यांना, पण हसले की खांद्यापासून हसतात रे. आणि लहानपणी ल्हासाच्या पोटाला राजवाड्यात हा माणूस घड्याळं खोलून दुरुस्त करत बसायचा हे आठवलं आणि मला काका दिसले, तुमच्या गॅलरीत स्टुलावर मिक्सर उघडून बसलेले. 

रात्री खोलीत लाइट गेलेली, पडल्या पडल्या ब्रेसाँचा विचार करत होतो. कार्तिए-ब्रेसाँ, तोच आपला लायका कॅमेरावाला फ्रेंच फोटोग्राफर. 1950 च्या एप्रिलमध्ये तो तिरुवण्णामलैला होता, रमण महर्षी गेले त्या 14 तारखेला तिथेच. आणि त्याच महिन्यात पाँडिचेरीला जाऊन त्याने योगी अरविंदांचे फोटो काढले. अरविंद 1926 पासून एकांतात, वर्षातून मोजके दर्शनाचे दिवस सोडले तर लोकांना दिसायचेसुद्धा नाहीत, फोटो तर कित्येक वर्षांत नाही. (बडोद्यात त्यांना ध्यान शिकवणारे विष्णु भास्कर लेले, मराठी माणूस, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये?) तर ब्रेसाँ थेट त्यांच्या खोलीत. आणि डिसेंबरमध्ये अरविंद गेले. विचार कर, शांत बसलेल्या माणसापुढे त्या खोलीत खटाक खटाक आरसा उडणारा कॅमेरा असता तर? लायका काय, आपला यशिका काय, दोन्ही रेंजफाइंडर, लेन्समधून नाही तर बाजूच्या खिडकीतून बघायचं, त्यामुळे आरसाच नाही, म्हणून आवाज अगदी कमी. काकांच्या यशिका इलेक्ट्रोचा तर इतका बारीक टिक होतो की फोटो निघाला का हा संशय येतो.

आता मेन गोष्ट. तिसऱ्या दिवशी दलाई लामा बाहेरगावी निघणार होते. आमच्या होमस्टेवाल्या आमा म्हणाल्या, सकाळी रस्त्यावर उभा राहा, गाडी हळू जाते. सहाला गेलो तर आधीच दुतर्फा लोक, हातात खाता (ते पांढरं रेशमी उपरणं), जागोजागी धूप जळतोय, ढग इतके खाली की धूर कुठला आणि ढग कुठला कळेना. माझ्या शेजारी एक तिबेटी आजी, माळ ओढत उभ्या. मी ब्लॅक अँड व्हाइट रोल चढवलेला, एचपी5, फोकस आधीच अंदाजाने तीन मीटरला लावून ठेवला, कारण खिडकीतला तो मधला पिवळा ठिपका, त्यातल्या दोन प्रतिमा एकावर एक बसवत बसलो तर गाडी गग्गलच्या विमानतळाला पोचेल. आणि सेल तपासायचं बटण दाबून बघतो तर दिवा लागेचना! सेल हललेला. काकांनी ते चार बटण सेल आणि स्प्रिंगचं जे जुगाड केलंय ना, ते बसच्या धक्क्यांनी सैल झालं असणार. आता उघडायला वेळ नाही. मग आठवलं, काकाच म्हणाले होते, सेल मेला तरी हा 1/500 सेकंदावर चालतो. ढगाळ उजेड, फिल्म 400 ची, म्हटलं ॲपर्चर 5.6 ठेवू आणि बघू.

गाडी आली. ते पुढच्या सीटवर, काचेमागे हात जोडलेले. पक्या, या कॅमेऱ्यात चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, हे मला तोवर नुसतं माहीत होतं. त्या रेषेबाहेर मला दिसलं की आजी वाकतायत, खाता पुढे करतायत, आता आत येणार. चेहरा स्वच्छ दिसत होता, तेव्हाच दाबायला हवं होतं खरं तर. नाही दाबलं. आजी आल्या, मग टिक. लिव्हर ओढेपर्यंत गाडीची मागची बाजू, ती पण आलीय दुसऱ्या फ्रेममध्ये, एकदम शार्प, नंबरप्लेटसकट!

तर आलेला फोटो असा: पुढे आजींचं डोकं, वेणीत पांढऱ्या बटा, खाता हललेला, त्यामागे काचेत जोडलेले हात लख्ख आणि चेहऱ्यावर अर्ध्यापर्यंत काचेतल्या ढगांची सावली. हे कोण ते ओळखायला कुणालाही क्षणभर लागेल. तुझ्या मते फसला असेल, मला विचारशील तर मी ही फ्रेम कुणाच्या टेलीफोटोशी बदलणार नाही. आजी नंतर तिथेच उभ्या होत्या, रस्ता रिकामा झाला तरी.

दोन प्रिंट काढल्यात. एक काकांना, दुसरी आमांच्या पत्त्यावर पाठवतोय, त्या आजींना ओळखतात म्हणाल्या. काकांना विचार ती स्प्रिंग कुठल्या पेनातली घातली होती, मला जरा मोठी हवीये. कॅमेरा दिवाळीत आणून देतो. देतो म्हणजे, दाखवायला आणतो.

तुझाच,
बंड्या