बेने इस्राएलांची मराठी कीर्तने : मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यातील हौशी गायक-गायिका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू, समाजाची मराठी कीर्तने आणि हिब्रू प्रार्थनागीते समूहाने गातो. आमच्यात ज्यू आहेत तसे इतरही आहेत, आणि ही गाणी सिनेगॉगबाहेरच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेरच्या) श्रोत्यांपर्यंत जावीत अशी आमची सर्वांचीच इच्छा आहे. मात्र अलीकडे एका आयोजकांनी आमचा अर्ज ‘परदेशी संगीत’ या सदरात टाकला, म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील बेने इस्राएलांनी कीर्तनाची परंपरा आपलीशी केली आणि अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत बांधून पेटी-तबल्याच्या साथीने सादर केली. अलिबाग परिसरातील घराघरांत मलिद्याच्या ताटाभोवती, म्हणजे गोड पोहे आणि फळांसमोर, प्रेषित एलियाहू हनाबीचे गीत आजही गायले जाते. याला परदेशी म्हणायचे, तर मग कोकणालाच परदेश म्हणावे लागेल.

चिंता आहे ती चालींची. स्त्रियांनी जपलेल्या हस्तलिखित वह्यांत हिब्रू शब्दही देवनागरीत उतरवलेले दिसतात, पण स्वरलेखन नसते. गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या जुन्या नाट्यपदाची पहिली ओळ तेवढी दिलेली असते. ते पद आज कोणाच्याच ओठी नसेल, तर वही हाती असूनही गाणे मुके राहते. समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला स्थलांतरित झाल्यामुळे या चाली येणाऱ्या वृद्धा इथे मोजक्याच उरल्या आहेत. संहिता पुढेही छापता येतील; ध्वनिमुद्रण मात्र त्या गात आहेत तोवरच होऊ शकते.

राज्य शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि अल्पसंख्याक दिनी दोन गाणी आणि एक शाल एवढ्यावर हा विषय संपू नये. पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीमार्फत या गायिकांचे ध्वनिमुद्रण व्हावे, त्यांच्या वह्यांच्या प्रती जतन कराव्यात आणि शासनातर्फे होणाऱ्या कीर्तन महोत्सवांत एक सत्र या कीर्तनांना मिळावे, अशी विनंती आहे.

कार्यक्रमाची वेळ मात्र शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतची नसावी, कारण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, आमचे अनेक सदस्य वाद्याला हात लावत नाहीत. रविवार सकाळ सर्वांना सोयीची आहे.

आपला विश्वासू,
वृंदातील एक गायक, ठाणे